पुस्तकात ती शिष्ट होती

एका शब्दाचा अर्थ चुकला म्हणून मी मला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर नाक वर करून बसले होते. पाहुणे पांढुर्ण्याचे, मी सौंसरची, शब्द हिंदी, आणि अक्कल अजून यायची होती.

शब्द होता ‘शिष्ट’. हिंदीत त्याचा अर्थ सभ्य, नम्र, चार माणसांत कसं वागावं हे कळणारा. आपल्या बोलण्यात मात्र ‘काय शिष्ट आहे व ती!’ असं कोणी म्हटलं, की समजायचं तिनं ओळख दाखवली नाही, पदर सावरला आणि मान वळवून निघून गेली. मध्य प्रदेशातल्या मराठी शाळेत शिकून हिंदी कादंबऱ्यांवर तुटून पडणाऱ्या मुलीला दोन भाषांमधला हा खड्डा दिसला नाही. मास्तरांनी शिष्टाचार शिकवला होता, नाही असं नाही. तो कुठला तरी दुसरा शब्द असावा असं मी धरून चालले होते.

हे सगळं आता वर आलं ते नातीमुळे. लेकीची लेक, नागपूरला अकरावीत आहे. या हिवाळ्यात सुट्टीला आमच्याकडे पांढुर्ण्याला आली ती एक जाड इंग्रजी पुस्तक आणि कानात खुपसायच्या दोन गोळ्या घेऊन. पुस्तकाचं कव्हर चकचकीत, त्यावर उंच उंच पोरं-पोरी, सगळ्यांचे चेहरे उपाशी असल्यासारखे. मी मागची दोन ओळींची माहिती अक्षर लावत वाचली आणि ओरडलेच.

“अगं, ही तर माझी पुस्तकं!”

“आजी, हे नवीन आहे. यावर आत्ताच सिरीज आली आहे.”

“नवीन तुझं डोंबल. डोंगरावरची शाळा आहे ना? चहाच्या मळेवाल्याची पोरगी आहे ना?”

नातीनं कानातली एक गोळी काढली. एकच. माझ्या वाट्याला तिचा अर्धा कान आला.

तर ती पुस्तकं. मूळ इंग्रजी, डझनाच्या वर भाग असलेली मालिका. डोंगरावर एक मोठी निवासी शाळा, तिथे शिकणारी बड्या घरची मुलं. कोणाच्या वडिलांची जहाजं, कोणाच्या आईचे हिरे. अभ्यासापेक्षा रुसवे जास्त आणि रुसव्यांपेक्षा मेजवान्या जास्त. कोणीतरी ती हिंदीत उतरवली होती, पिवळट कागदावर, आणि सौंसरच्या बसस्टँडजवळच्या दुकानात ती किरायानं मिळायची. बी.ए.चा अभ्यास करते असं सांगून मी ती गच्चीवर वाचायची. एक भाग मात्र मी परत केलाच नाही, तो कुठेतरी हरवला असं दुकानदाराला सांगितलं, आणि हळूहळू सगळेच भाग असे ‘हरवले’. पुढे माझ्या लग्नाच्या पेटीत साड्यांच्या खाली सापडले.

मालिकेतली मुख्य पोरगी चहाच्या मळेवाल्याची. तिच्याबद्दल पानोपानी लिहिलेलं असायचं: वह अत्यंत शिष्ट थी. उसने शिष्टता से कहा. उसकी शिष्टता देखकर सब चकित रह गए. मीही चकित व्हायची. बाप रे, म्हणायची, एवढी शिष्ट पोरगी आणि सगळे तिचं कौतुक करून राहिले! आमच्या गल्लीत असं वागलं असतं तर बायांनी उभी चिरली असती. मग मी निष्कर्ष काढला. निष्कर्ष काढण्यात मी हुशार होते. श्रीमंतांच्यात शिष्टपणा हाच गुण धरत असले पाहिजेत, गरिबांना तो परवडत नाही एवढंच.

आम्ही काही गरीब नव्हतो. बाबूजींची संत्र्याची बाग होती. पण पुस्तकातली पोरगी रोज सकाळी काचेच्या प्याल्यात संत्र्याचा रस प्यायची, आणि आमच्याकडे रस काढून पिणं म्हणजे आजारपण. बागेत झाडाखाली संत्र्यांचा सडा पडलेला आणि मी एका प्याल्यासाठी झुरत होते. एकदा मी पाच-सहा संत्री पिळून काचेच्या ग्लासात रस काढला आणि ओसरीत बसून घोट घोट प्यायला लागले, तर वहिनीनं येऊन माझ्या कपाळाला हात लावला.

“ताप आला काय तुले?”

“नाही. सहज पिऊन राहिली.”

“सहज कोणी रस पिते काय? फोडी खाता येत नाहीत? दात दुखून राहिले काय?”

वहिनीला मी कीव करणारं हसू दाखवलं. शिष्ट हसू. तिनं दुपारी आईला सांगितलं की पोरीला काढा द्या.

अशात दोन बातम्या एकाच आठवड्यात आल्या. पहिली अशी, की या पुस्तकांवरून टीव्हीवर मालिका येणार, दर रविवारी सकाळी. दुसरी अशी, की पांढुर्ण्याहून माझ्यासाठी स्थळ आलं. कापसाचा व्यापार, मुलगा छिंदवाड्याला शिकलेला, घरी टीव्ही. बाकीचं मला नंतर ऐकू आलं. घरी टीव्ही! आमच्याकडे नव्हता. मुलगा कसा आहे हे वहिनीनं मला दोनदा सांगितलं, तरी मला आज आठवतं ते एवढंच, की मी डोळ्यांपुढे एक दिवाण पाहिला, समोर टीव्ही पाहिला, आणि दिवाणावर टेकून बसलेली मी पाहिली. त्या जागेसाठी मी लग्न करायला तयार होते. नवरा जागेबरोबर येणार होता, त्याला इलाज नव्हता.

“हे स्थळ जायला नको,” मी वहिनीला म्हटलं.

“मंग नीट वाग त्या दिवशी.”

“वागणारच आहे. ते मोठे लोक आहेत. त्यांच्यासमोर कसं वागायचं ते मला माहीत आहे.”

वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. तिनं तेव्हाच मला कोंडून ठेवायला हवं होतं.

पाहुणे आले थंडीच्या दिवसात, सकाळी. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मी आत गेले आणि चहाऐवजी ट्रेमध्ये संत्र्याच्या रसाचे ग्लास घेऊन बाहेर आले. वहिनीनं मागून माझा पदर ओढला, पण मी शिष्ट होते, मी वळले नाही. होणाऱ्या सासऱ्यांनी एक घोट घेतला, ते शहारले आणि त्यांनी मफलर घट्ट केला.

होणाऱ्या सासूबाई मऊ आवाजाच्या. त्यांनी विचारलं, “शिकून राहिली काय व बाई?”

“जी. बी.ए. कर रही हूँ,” मी म्हटलं. हिंदीत, हनुवटी वर करून.

बाबूजी खोकले. सगळे मराठी बोलत होते.

“सैपाक येते?”

“येतो. पण मला वाचायला आवडतं.”

“हाव काय,” त्या म्हणाल्या आणि मुलाकडे पाहिलं. मुलगा ग्लासातल्या बिया मोजत होता.

सासरे म्हणाले, “पोरी, तुले काही विचारायचं असन तं विचार. लाजू नको.”

मी लाजले नाही. मी विचारलं, “टीव्ही कोणत्या खोलीत आहे?”

वहिनीनं डोळे मिटले. सासूबाईंनी मात्र सरळ उत्तर दिलं. “बैठकीतच आहे व माय,” आणि उसासा टाकला. त्या उसाशाकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

एवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. मुलगा कसा आहे ते पाहायला आल्या होत्या, आणि पाहायला आलेली बाई कधी एकटी येत नाही, मागे अजून दोघी होत्या. आमच्याकडची रीत अशी, की दारात आलेल्याला ‘या’ म्हणायचं. घरात आग लागली असली तरी आधी ‘या’, मग आग. पण पुस्तकाच्या तिसऱ्या भागात एक प्रसंग होता. चहाच्या मळेवाल्याच्या पोरीच्या खोलीपाशी मैत्रिणी येतात, ती ‘क्षमा कीजिए’ असं शिष्टतेनं म्हणते आणि दार लोटून घेते. तो प्रसंग मला पाठ होता. मी उठले, दाराशी गेले.

“क्षमा कीजिए. आता नाही. नंतर या,” मी म्हटलं आणि काकूंच्या तोंडावर दार लावलं.

बाहेरून काकूंचं “अव माय!” ऐकू आलं. मी वळले तेव्हा सासूबाईंचा ग्लास ओठांपाशी थांबला होता आणि त्या माझ्याकडे टक लावून पाहत होत्या.

पाहुणे गेल्यावर बाबूजी बागेत निघून गेले आणि झाडांशी बोलत बसले. वहिनी म्हणाली, “गेलं हे स्थळ. अन् काकूही गेल्या.” काकूंची समजूत घालायला आईला चिवड्याचा डबा न्यावा लागला. मी वर गच्चीत जाऊन रडले. आता इथे खोटं कशाला लिहू, मुलासाठी नाही रडले. मालिका सुरू व्हायला थोडेच महिने राहिले होते आणि माझी दिवाणावरची जागा गेली होती.

आणि मग पांढुर्ण्याहून होकार आला.

घरात कोणाचाच विश्वास बसला नाही. बाबूजींनी निरोप आणणाऱ्याला दोनदा विचारलं, आमचीच मुलगी ना? मी मात्र वहिनीला म्हटलं, “पाहिलं? मोठ्या लोकांना मोठी माणसं ओळखू येतात.” वहिनीनं हात जोडले. तेव्हा मला ते अभिवादन वाटलं.

लग्न होऊन आल्यावरचा पहिला रविवार मला अजून दिसतो. सकाळी लवकर आवरलं, चांगली साडी नेसले आणि बैठकीत गेले, तर दिवाणावर अख्खी गल्ली. खाली सतरंजीवर पोरं, भिंतीला टेकून म्हातारे, दाराच्या उंबरठ्यावर बाया. टीव्ही गल्लीत एकच, तेव्हा सगळ्यांचाच. मला जागा मिळाली ती मागे कोपऱ्यात, शेजारच्या काकाजींच्या पाठीमागे. ज्या टीव्हीसाठी मी लग्न केलं, त्याच्यात मला काकाजींची टोपी दिसत होती.

आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. खांदा चौकटीला टेकलेला, हातात झारा. दर रविवारी तिथेच. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीसमोर, त्यांना बसायला जागा नव्हती. कोणी आलं की त्यांच्या तोंडून आपोआप ‘या, बसा’ निघायचं, आणि ज्याला बस म्हटलं तो त्यांच्याच जागेवर बसायचा. ‘नाही’ हा शब्द त्यांना उच्चारता येत नव्हता. काही लोकांना ‘ळ’ येत नाही, तसं.

त्यांनी माझ्याकडे पाहून हळूच म्हटलं, “पाह्य व बाई. काय गर्दी होय.”

“हो ना!” मी आनंदानं म्हटलं. “केवढी गर्दी!”

त्या वाट पाहत राहिल्या. मीही पाहत राहिले, टीव्हीची.

मालिका सुरू झाली. चहाच्या मळेवाल्याची पोरगी आली तीच मान वळवत. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग समोरून, आणि प्रत्येक वेळी ढॅण ढॅण वाजायचं. शाळेच्या फाटकापाशी चौकीदार उभा होता, त्याच्याकडे न बघताच ती आत गेली. सतरंजीवरून कोणीतरी म्हटलं, “किती शिष्ट पोट्टी होय!”

माझ्या अंगात आलं. “पुस्तकातही शिष्टच आहे,” मी कोपऱ्यातून सांगितलं. “पानोपानी लिहिलं आहे!”

आमचे हे तेव्हा माझ्याशी फार बोलत नसत. चार लोकांत तर नाहीच. पण छिंदवाड्याला हिंदीत शिकलेल्या माणसाला गप्प बसवलं नाही. म्हणाले, “हिंदी पुस्तकात शिष्ट म्हणजे सभ्य. चांगल्या वळणाची.”

आधी एक पोरगं हसलं. मग काकाजींची टोपी हलायला लागली. मग सगळी बैठक हसली. मीही हसले, दुसरं करणार काय? हसल्या नाहीत त्या एकट्या सासूबाई. त्यांचा चेहरा असा झाला, की गाठोडं विकत घेऊन घरी आणावं, गाठ सोडावी आणि आत माल दुसराच निघावा.

त्या दुपारी मी पेटी उघडली, साड्या बाजूला केल्या आणि पहिला भाग पुन्हा वाचायला घेतला. आणि काय सांगू, ती पोरगीच बदलली. ती चौकीदाराला म्हणते, “आप बैठिए, मैं खोल लूँगी.” मी हे वाचून आधी म्हटलं होतं, वा, काय टोमणा मारला! तो टोमणा नव्हता. चौकीदाराचे गुडघे दुखत होते, मागच्याच पानावर लिहिलं होतं. आणि तिसऱ्या भागातला तो दाराचा प्रसंग. ती मैत्रिणींना ‘क्षमा कीजिए’ म्हणून दार लावून घेते, कारण आत एक नवी मुलगी रडत बसलेली असते आणि तिचं रडणं चारचौघींनी पाहू नये असं हिला वाटतं. हेही लिहिलेलंच होतं. मला दार दिसलं, आतली मुलगी दिसली नाही.

गंमत पाहा. मी पुस्तक चुकीचं वाचलं होतं, आणि टीव्हीवाल्यांनी नेमकं माझंच चुकीचं वाचलेलं पुस्तक पडद्यावर आणलं होतं. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांना त्याचा पगार मिळाला.

त्यानंतर मी गप्प बसू शकले नाही. दर रविवारी दर प्रसंगाला माझं सुरू. “पुस्तकात असं नव्हतं.” पुस्तकात ती परीक्षेत नापास होते, टीव्हीत नाचात पहिली येते. पुस्तकात तिचे वडील पुढे कंगाल होतात, टीव्हीत त्यांची मोटार बदलते. एका भागात डोंगरावर बर्फ पडला आणि सगळे आ वासून पाहायला लागले, तर सासरे पुढे सरकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “बर्फ नोहे हा. कापूस होय.” थोडं पाहून पुढे म्हणाले, “अन् थोही कवडी.” कवडी म्हणजे पिवळा पडलेला, हलक्या प्रतीचा कापूस. पांढुर्ण्यात बसून कापसाला बर्फ म्हणणं सोपं नाही. पुढचा सगळा प्रसंग, नायिका बर्फात बेशुद्ध पडलेली असताना, बैठकीत कापसाच्या भावावर चर्चा झाली.

मी जाहिराती लागल्या की पुस्तकातलं सांगायची. मग मालिका संपल्यावर सांगायला लागले. मग लोक मालिका संपल्यावर उठेनात. पलीकडच्या गल्लीतल्या बाया यायला लागल्या, त्या सरळच म्हणायच्या, “टीव्हीतलं जाऊ दे, वहिनी, पुस्तकातलं सांगा.” खोलीत मावेनात तेव्हा मी गल्लीकडच्या दोन्ही खिडक्या उघडून दिल्या, की बाहेरच्यांनाही ऐकू जावं. कोपऱ्यातून मी हळूहळू पुढे सरकत आले होते आणि एका रविवारी पाहते तर दिवाणावर, बरोबर मधोमध, मी बसलेली. जी जागा मला हवी होती ती मिळाली होती. सासूबाई अजून स्वयंपाकघराच्या दारातच होत्या.

हे सगळं मी या हिवाळ्यात नातीला सांगत होते. तिनं मोठ्या मनानं तिच्या मोबाइलवर मला तीन भाग दाखवले. नव्या मालिकेत बर्फ खरा आहे, तेवढं कबूल. पण शाळा असून कोणी वही उघडत नाही. सगळे श्रीमंत आहेत, सुंदर आहेत आणि दुःखी आहेत, आणि दुःखी असताना कपडे बदलतात. चहाच्या मळेवाल्याची पोरगी आता कॉफी पिते. चौकीदाराच्या जागी कॅमेरा आहे, त्यामुळे सभ्य वागायला कोणी उरलेलंच नाही. दाराचा प्रसंग यातही आहे. ती दार लावून घेते आणि आतून मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढते.

“पुस्तकात असं नाही,” मी म्हटलं. “तुझ्या इंग्रजीत पाहा बरं काय आहे.”

नातीनं पानं उलटली. शोधलं. “पोलाइटली,” ती म्हणाली. “शी क्लोज्ड द डोअर पोलाइटली. आत ती दुसरी मुलगी रडत असते.”

“आणि यात?”

“यात तिचा अ‍ॅटिट्यूड दाखवला आहे, आजी.”

“म्हणजे शिष्ट.”

“हो. म्हणजे आपलं शिष्ट.”

तर इतक्या वर्षांत, पांढुर्णा जिल्हा झाला, सासूबाई गेल्या, टीव्ही बैठकीतून भिंतीवर गेला आणि भिंतीवरून खिशात आला, आणि ज्यांनी ज्यांनी हे पुस्तक पडद्यावर आणलं त्या सगळ्यांनी ते माझ्यासारखंच वाचलं. मला थोडं बरं वाटलं. मी एकटीच मूर्ख नव्हते, पहिली होते.

चौथा भाग सुरू करताना नात म्हणाली, “आजी, तू दर मिनिटाला पुस्तकात असं नव्हतं म्हणतेस. मी एकटी पाहू का?” आणि नागपूरहून आणलेली संत्र्याच्या रसाची बाटली घेऊन ती खोलीत गेली. संत्र्याचा रस, नागपूरहून, पांढुर्ण्याला! दार लावताना मात्र थांबली.

“पण आजी, तुझं एक कळलं नाही. तू एवढी वाईट वागलीस, शेजारणीच्या तोंडावर दार लावलंस. मग त्यांनी तुला हो का म्हटलं?”

मलाही ते कळलेलं नव्हतं. लाईट गेली त्या रविवारपर्यंत.

त्या रविवारी टीव्हीवर हाच दाराचा प्रसंग होता. पोरीनं मैत्रिणींच्या तोंडावर दार आपटलं, ढॅण वाजलं आणि लाईट गेली. लाईट गेली की लोक आपोआप उठायचे, सासूबाईंची तेवढीच आशा असायची. त्याच आशेनं त्या झारा ठेवून पुढे आल्यासुद्धा. पण मी दिवाणावरून हात वर केला.

“बसा, बसा! कोणी उठू नका. पुस्तकात असं नाहीच मुळी. पुस्तकात आत कोणीतरी असतं.”

सगळे खाली बसले. खिडक्यांतल्या डोक्यांनी गज धरले. मी सांगायला लागले, ती नवी मुलगी, घरून आलेलं पत्र, तिचं रडणं, आणि ही दाराशी उभी, बाहेर मैत्रिणी, आत हुंदके. मी तर तिचा आवाजही काढला, क्षमा कीजिए, अगदी मऊ, बरोबर अर्थानं. आणि तेवढ्यात सासूबाई माणसांमधून वाट काढत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा खिडक्यांकडे पाहिलं, एकदा दिवाणाकडे. लग्नानंतर इतके महिने ज्यांनी कोणालाच काही म्हटलं नव्हतं, त्या मला म्हणाल्या, आणि मी जसंच्या तसं लिहिते:

“दार लावनारी सून पाहून आणली होती वं मी, अन् तू तं खिडक्याबी उघडून राहिली. सरक आता जराशी, मले बसू दे. अन् सांग, मंग थे रडनारी पोट्टी काय म्हने?”